तुटक रेघेची माणसं

बारावीला भूगोल शिकवण्यात माझी 28 वर्षं गेली, आणि ती सगळी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत गेली. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं मी हा विषय पुस्तकातून शिकवला. वाईट शिकवला असं म्हणणार नाही. मुलांच्या व्याख्या पाठ असायच्या, मार्क पडायचे, पालक खूश असायचे. ‘लिंगगुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे असलेली स्त्रियांची संख्या’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याला गणती नाही. त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो फेब्रुवारी 2011 मध्ये, पाटगावच्या अंगाला असलेल्या एका वाडीत.

त्या साली 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत जनगणना झाली. माझ्याकडे प्रगणकाचं काम आलं होतं. खांद्याला पिशवी, त्यात त्या लांबलचक अनुसूच्या, आणि एकेक घर करत मी वाडी चढत होतो. एका घरी अंगणात गवताची व्हळी, सोप्यात अंथरुणाला खिळलेली म्हातारी, आणि सारवून नुकतेच हात धुतलेली तिची सून. नेहमीसारखा पहिला प्रश्न विचारला.

“कुटुंबप्रमुख कोण?”

“मालक. मुंबैला हाईत.”

“कधी आले होते?”

“गणपतीला आलते.”

“या महिन्यात येणार आहेत का?”

“आता शिमग्याला. रजा घावली तर.”

नियम असा होता, की गणनेच्या पूर्ण काळात जो माणूस घराबाहेर आहे त्याला त्या घरात मोजायचं नाही. तो जिथं असेल तिथं मोजला जाईल. मी तिला हे समजावून सांगितलं. ती पदराला हात पुसत उभी राहिली.

“म्हंजे हितं त्येंचं नाव न्हाई?”

“तिकडं लिहितील.”

“तिकडं त्येंचं काय हाय सर? एका खोलीत धा-बारा जण झोपत्यात. घर हितं हाय, सातबारा हितं हाय, आई हितं हाय. लिवा की हितंच.”

मला ते लिहिता येत नव्हतं. थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. मग मी विचारलं, “मग प्रमुख म्हणून कुणाचं नाव लिहू?” तिनं सासूकडं पाहिलं. सासू म्हणाली, “तिचंच लिवा. तीच करत्या समदं.” मी लिहिलं. ती पुढं वाकून त्या रकान्याकडं बघत राहिली. अक्षरं तिला वाचता येत होती की नाही ठाऊक नाही, पण मी कागद मिटला तेव्हाही तिची नजर त्याच्यावरच होती.

संध्याकाळी वाडी उतरताना लक्षात आलं, की विशीपासून चाळिशीपर्यंतचे गडी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पोरं, म्हातारी माणसं आणि बाया. त्या वाडीचं लिंगगुणोत्तर काढलं असतं तर हजाराच्या कितीतरी वर गेलं असतं. आणि वर्गात तर मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, की हजाराच्या वर गुणोत्तर म्हणजे ‘अनुकूल’.

पुढं आकडे आले. रत्नागिरी 1122, सिंधुदुर्ग 1036, आपला कोल्हापूर 957. घाटाखालच्या त्या दोन जिल्ह्यांत 2001 ते 2011 या दशकात लोकसंख्या वाढली नाही, उलट घटली. आता मी हे तिन्ही आकडे फळ्यावर लिहितो आणि मुलांना विचारतो, रत्नागिरीतल्या बाईचं जास्त चांगलं चाललंय असा याचा अर्थ होतो का? मग त्यांच्याखाली चौथा आकडा लिहितो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 839 मुली होत्या, 2011 मध्ये 863. रत्नागिरीच्या आकड्यामागचे पुरुष मुंबईच्या गाडीत बसून गेलेले असतात. या चौथ्या आकड्यामागच्या मुली जन्मालाच आलेल्या नसतात. सूत्र तेच, भागाकार तोच. हे सांगताना वर्ग एकदम शांत होतो, विशेषतः मुलींचे बाक, आणि मीही त्यानंतर पाच मिनिटं दुसरं काही शिकवत नाही.

2011 च्याच जूनमध्ये मी प्रात्यक्षिकाच्या वहीत नवा अभ्यास दिला: आपल्या वाडीचा किंवा गल्लीचा लोकसंख्या मनोरा. डावीकडं पुरुष, उजवीकडं स्त्रिया, खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं. मनोरे आले ते फार वेगळे आले. पुस्तकातला मनोरा खाली रुंद आणि वर निमुळता असतो. यांचे डावीकडून मध्यात कमरेला आवळल्यासारखे. एक मुलगी आलेखाचा कागद घेऊन टेबलापाशी आली.

“सर, वडलांना कुठं दाखवू?”

मी तिला नियम सांगितला, जसा त्या बाईला सांगितला होता. ती जागेवर गेली. तासाच्या शेवटी वही दिली तेव्हा डाव्या बाजूला, पस्तीस ते चाळीसच्या पट्टीपुढं, तिनं पेन्सिलीनं तुटक रेघेची आणखी एक पट्टी काढलेली होती. खाली सूचीत लिहिलं होतं: ‘तुटक रेघ – गावचे, पण गावात नसलेले.’

ही सूची मला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. त्या वर्षापासून आमच्या वर्गात प्रत्येक मनोऱ्याला तुटक रेघ असते.

एक चूक मात्र मी त्याच उत्साहात केली, आणि ती सांगायलाच हवी. पुढच्या बॅचला मी भर वर्गात हात वर करायला लावून विचारलं, कुणाचे वडील बाहेरगावी, किती वर्षं, किती दिवसांनी येतात. एका मुलानं उभं राहून सांगितलं, “सहा वर्षं झाली सर.” मी पुढं विचारलं, “सुट्टीला येतात ना?” तो बोलला नाही. मागून कुणीतरी हळूच काही म्हटलं, दोघं-तिघं हसले. त्यानंतर आठवडाभर तो वर्गात आला नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईनं चहा केला, पण माझ्याशी नीट बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून अशी सगळी माहिती बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घेतो, आणि चिठ्ठीत काय लिहायचं नाही हे ठरवण्याचा हक्क मुलांचा असतो. दगडांचा आणि ढगांचा भूगोल शिकवताना कुणाला दुखवण्याची भीती नसते. माणसांच्या भूगोलात ती रोज असते. बीएडला असताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

स्थलांतर हा धडा इथं शिकवायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अवघड. भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात मुंबई म्हणजे घरातलीच एक खोली. पूर्वी खरोखरच ‘गावची खोली’ असायची, लालबाग-परळच्या चाळीत, गावच्या मंडळानं धरलेली. रात्रपाळीवाले उठले की त्याच वळकटीवर दिवसपाळीवाले झोपायचे. मुलांनी एका आजोबांची मुलाखत घेतली होती. त्यांनी सांगितलं, आधी चुलता गेला, त्यानं मला नेलं, मी मेव्हण्याला नेलं, मेव्हण्यानं त्याच्या गावच्या दोघांना. पुस्तकात याला साखळी स्थलांतर म्हणतात. मुलांनी त्यांच्या कड्या कागदावर काढल्या तर एका माणसापासून जवळजवळ अख्खी गल्ली निघाली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्या संपातून अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. आजोबा ट्रंक घेऊन परत आले. “जमीन तेवढीच हुती, खाणारी तोंडं तेवढी वाढली हुती,” एवढंच ते म्हणाले. ढकलणारी कारणं आणि ओढणारी कारणं असे दोन रकाने मी फळ्यावर करतो. आजोबांच्या बाबतीत दोन्ही रकाने एकाच आयुष्यात दोनदा भरले गेले, दुसऱ्या वेळी उलट्या दिशेनं.

रॅव्हेनस्टाइन नावाच्या अभ्यासकानं 1885 मध्ये स्थलांतराचे नियम मांडले. त्यात त्यानं म्हटलं होतं, की बहुतेक माणसं थोड्या अंतरावरच जातात, आणि जवळच्या अंतरात बाया पुरुषांपेक्षा जास्त हलतात. हे शिकवताना एका मुलीनं विचारलं, “मग सर, आमच्या आईचं लगीन म्हंजे स्थलांतर का?” होय, म्हटलं. जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच नोंदलं जातं. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं आईचं आणि आजीचं माहेर नकाशावर टिंबानं दाखवलं. आजरा, कागल, राधानगरी, गडहिंग्लज, आणि काही टिंबं निपाणी-चिकोडीकडची. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत निपाणी पलीकडं गेली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. एकीनं सांगितलं, “आमची आजी बोलत्या मराठीच, पण पैसे मोजताना कानडीत मोजत्या.” सीमा, भाषा आणि स्थलांतर हे तीन धडे मी वेगवेगळे शिकवत होतो. त्या पोरीनं ते एका वाक्यात आणून ठेवले.

अंतराचं असंच. गारगोटीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, हे सगळ्यांना पाठ. पण डोंगरावरच्या एका धनगरवाड्याहून येणारी मुलगी मला म्हणाली, “सर, आमचं गाव अठरा किलोमीटर म्हणू नका, अडीच तास म्हणा.” पहाटे निघून पायवाटेनं सडा ओलांडायचा, खाली उतरायचं, मग एसटी. पावसाळ्यात ओढा भरला की ते अडीच तास मोजायलाच नकोत. विखुरलेली वस्ती म्हणजे काय याची व्याख्या तिला पाठ होती आणि ती रोज जगतही होती. तिच्या बोलण्यावरून आम्ही नकाशाच नवा काढला: मध्ये गारगोटीचा स्टँड, भोवती अर्ध्या तासाचं वर्तुळ, मग तासाचं, मग दोन तासांचं. ही वर्तुळं गोल येतच नाहीत. मुदाळ तिट्ट्याकडं, रस्त्याच्या बाजूनं ती लांब ओघळतात आणि डोंगराच्या बाजूला आत दबतात. ज्या गावाला मुक्कामी गाडी असते, त्या गावची मुलं पहिल्या तासाला असतात. जिथं ती नाही तिथली तिसऱ्या तासाला. 2021 च्या दिवाळीनंतर काही महिने एसटी बंद होती तेव्हा हा नकाशा अख्खा आकसला. हजेरीपटावर मी कुणाच्या गैरहजेरीच्या खुणा करतोय हे बघितलं, तर नकाशातल्या बाहेरच्या वर्तुळातली सगळी नावं होती, आणि त्यात मुली जास्त. मुलांकडं मोटारसायकली होत्या.

गावाच्या नकाशावरून मी दुसऱ्यांदा चुकलो. प्रत्येकानं आपल्या गावाचा आराखडा काढायचा होता. देऊळ, चावडी, विहीर, शाळा, वस्त्या. एका मुलानं नकाशाच्या मधोमध गावाबाहेरची वस्ती काढली, आणि देऊळ-चावडी कागदाच्या कडेला. मी लाल पेनानं लिहिलं, ‘मांडणी चुकली.’ वही परत न्यायला आला तेव्हा तो म्हणाला, “सर, मी घराच्या दारातनं बघून काढलाय.” मी उत्तर देऊ शकलो नाही. केंद्रित वस्तीचा केंद्रबिंदू कुठला, हे मी आयुष्यभर चावडीत उभा राहून ठरवत आलो होतो. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये घेतला. हा प्रसंग त्याच्या आधीचा, अशी नावं सर्रास असतानाचा. त्या मुलाच्या वहीवरचा माझा शेरा मी खोडला आणि खोडल्याची सही केली. त्यानंतर वर्गातले सगळे नकाशे काढणाऱ्याच्या दारातूनच काढले जातात, आणि दोन-चार नकाशे शेजारी ठेवले की एकाच गावाची वेगवेगळी गावं दिसतात.

शेतीच्या धड्यात फॉन थ्यूनेनची कडी-कडी असलेली आकृती येते, 1826 सालची. शहराजवळ दूध आणि भाजी, कारण ती लवकर नासतात. मग लाकूड, धान्य, शेवटी चराऊ रानं. गारगोटीभोवती ती बसवून बघायची म्हटलं तर पहिल्याच कडीला तडा जातो. दूध जंगलालगतच्या शेवटच्या वाडीतूनही सकाळ-संध्याकाळ निघतं, कारण संस्थेचा टेम्पो येतो. कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, 1963 चा. मुलांना मी सांगतो, तुमच्या गोठ्यातलं दूध आणि तुमच्या घरातला गडी, दोन्ही मुंबईला जातात; शहर कुणाला किती लांबून ओढू शकतं ते यावरून बघा. उसाचं मात्र पुस्तकाप्रमाणं चालतं. टनभर उसातून साधारण सव्वाशे किलोच्या आत साखर निघते आणि तोडलेला ऊस तासातासाला वजनानं उतरतो, म्हणून कारखाना शिवाराजवळ लागतो. बिद्रीच्या साखर कारखान्याची चिमणी का तिथंच आहे, हे मुलांना एकदा सांगितलं की पुरतं.

पण त्याच उसाच्या मागं आलेली माणसं अशी एकदा सांगून पुरत नाहीत. हंगामात शिवाराच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, बीडकडच्या तोडकऱ्यांच्या. एका वर्षी मी मुलांना तिथं नेलं. मुलांनी लिहून नेलेला पहिला प्रश्न विचारला, “तुमचं गाव कुठलं?” एक बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, “सहा महिने तिकडलं, सहा महिने हिकडलं.” तिच्याशेजारी तिचा नवरा, दोघं मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते ती कोयत्यावर, माणसावर नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी, ज्यांच्या घरचे गडी पोटासाठी मुंबईला गेलेले, पहिल्यांदाच पाहिलं की आपलं गावही कुणाची तरी मुंबई आहे. 2011 च्या फेब्रुवारीत मी अशा कोप्याही मोजल्या होत्या. त्या माणसांची नावं आमच्या तालुक्यात लागली, त्यांच्या गावात नाही. परतताना मुलांत बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं त्या बाईच्या गावासाठी तुटक रेघेचा मनोरा काढून आणला, अंदाजानं, नुसता आकार.

आमच्या गावाला या विषयाचा एक वारसा आहे, तो मला उशिरा उमगला. गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं करणारे जे. पी. नाईक हे मूळचे आजऱ्याकडचे. 1964 ते 66 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या या माणसानं आधी वेदगंगेकाठी येऊन खेड्याला शिकण्याच्या मध्यभागी ठेवलं होतं. गारगोटीत राहून भूगोलाची उदाहरणं जर्मनी आणि अमेरिकेतून शोधणारा मी, त्यांच्याच कामाच्या गावात नोकरी करत होतो. आता पहिला तास मी बंधाऱ्यावर घेतो. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पाऊस ओसरला की घालतात, आणि त्या बरग्यांच्या फळ्यांमुळं उन्हाळ्यात काठचा ऊस हिरवा राहतो. निसर्ग ठरवतो की माणूस, या जुन्या वादावर मुलं तिथं बसून तासभर भांडतात. मी मध्ये पडत नाही.

मे 2020 मध्ये तुटक रेघेची माणसं एकदम परत आली. मोटारीनं, टेम्पोनं, काही ट्रकमध्ये लपून. गावोगावच्या शाळा विलगीकरणासाठी उघडल्या. ज्यांची वर्षभर वाट बघायची त्यांनाच वेशीवर थांबवलं गेलं. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील चौदा दिवस शाळेच्या खोलीत होते आणि तो खिडकीबाहेर डबा ठेवून लांब उभा राहायचा. त्यानं नंतर मला वही दाखवली. मनोऱ्यातली तुटक रेघ त्यानं सलग केली होती, मग खोडून पुन्हा तुटक. वडील दिवाळीनंतर परत गेले होते.

सगळे गेले नाहीत. गेल्या वर्षी गारगोटीच्या बाजारात मिरच्यांच्या पाटीपाशी एका बाईनं मला हाक मारली. मी ओळखलं नाही. “तुमी लिवाय आलता न्हवं, वाडीत,” ती म्हणाली, आणि मग सगळं आठवलं: सोपा, म्हातारी, व्हळी. म्हातारी गेली होती. मालक लॉकडाऊनला आले ते राहिले, आता चार म्हशी आहेत, दूध घालतात.

“पुढची शिरगणती कवा हाय सर?”

“2021 ला व्हायची होती, राहिली. आता 2027 ला.”

“मग आता तर त्येंचं नाव हितं लागंल न्हवं?”

“लागेल की. ते इथंच आहेत आता.”

तिनं मिरच्या पिशवीत ओतल्या, पैसे दिले. जाता जाता थांबली.

“आणि त्यो पयला रकाना, प्रमुखाचा? त्यात आता कुणाचं लिवत्याल?”

“तुम्ही घरचे सांगाल त्याचं.”

ती जरा विचारात पडली. स्टँडवर पाटगावची गाडी लागली होती आणि माणसं धावायला लागली होती.

“मग माझंच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, आणि गाडीकडं निघाली.